मिर्तोच्या दारावरचं तोरण

मिर्तो आली तेव्हा लिकोन कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या करत होता, आणि त्याचा मेहुणा बात्तोस शेजारी बसून गुळणी कशी करावी ते त्याला समजावून सांगत होता.

लिकोन आमच्या बंदराचा दवंडीवाला. म्हणजे होता. अख्ख्या आन्द्रोस बेटावर त्याच्यासारखा आवाज नव्हता. त्याने मासळीचे भाव पुकारले की पलीकडच्या बेटावरची माणसं घासाघीस करत. मग एका सकाळी हरवलेल्या गाढवाची दवंडी देता देता तो आवाज फुटला, तो फुटलाच. गाढव शेजारीच उभं होतं. तेव्हापासून लिकोन कुजबुजतच बोलतो. बोलता येईना म्हणून तो ऐकायला लागला, आणि ऐकायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की गाव फार खोटं बोलतं. हरवलेलं, चोरलेलं, लपवलेलं शोधून द्यायचा उद्योग त्याने तिथून सुरू केला.

बात्तोसचं धक्क्यावर वाइनचं दुकान आहे. पण तो असतो बहिणीच्या घरी, जेवणवेळेच्या आसपास.

"लिकोनकाका," मिर्तो दारातच म्हणाली, "माझ्या दारावर तोरण लागलंय."

"कसलं?"

"ऑलिव्हच्या डहाळ्यांचं. काल दार लावलं तेव्हा नव्हतं. सकाळी उघडलं तर होतं."

"अरे वा!" बात्तोस उठून उभा राहिला. "मुलगा झाला! आम्हाला कुणी बोललंच नाही!"

लिकोनने त्याच्या पायावर पाय दिला.

मुलगा झाला की दारावर ऑलिव्हचं तोरण, मुलगी झाली की लोकरीची गुंडी. हे आमच्याकडे शेळ्यांनासुद्धा ठाऊक आहे, कारण तोरण खातात त्याच. पण मिर्तोचा नवरा सिमोस समुद्रात बुडून तीन वर्षं झाली होती. आणि मिर्तोचं दुसरं लग्न उद्यावर आलं होतं, तेलाचा व्यापारी एउफ्रोनशी.

"विहिरीवर सगळ्या बायका गप्प झाल्या," मिर्तो म्हणाली. "मी घागर भरेपर्यंत गप्प. मग एकजण म्हणाली, मूल कुठल्या डोंगरावर टाकलंस ते तरी सांग. दुपारी दादा आला. म्हणाला, उद्या सकाळी चार माणसांसमोर खुलासा झाला नाही तर गाठोडं बांध. त्याच्या घरात जागा नाही, एउफ्रोनच्या नाही, आणि या घरात राहायचा हक्क नाही. मी कुठेही जाईन हो काका. पण आत्याबाईंना कोण बघणार?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू मेलित्ता. सिमोस गेल्यापासून दोघीच एका छपराखाली राहत होत्या. आमच्या गावात सासू-सुनेचं भांडण ऐकायला शेजारी गच्चीवर बसतात. या दोघींच्या शेजाऱ्यांनी मात्र तो नाद कधीच सोडला होता.

"तोरण काढलंस?"

"त्या काढू देत नाहीत. म्हणतात, बाळाच्या दारावरचं तोरण काढू नये. मी म्हटलं, बाळ कुठाय? तर म्हणाल्या, ते मला माहीत नाही, पण काढू नये."

लिकोनने तोंडातलं पाणी थुंकलं आणि वहाणा घातल्या.

"दाजी," बात्तोस मागून म्हणाला, "आणि माझ्या रांजणाचं?"

"रांजणाचं नंतर."

"नऊ दिवस नंतरच चाललंय."

लिकोनने तोरणाची पानं पाहिलीच नाहीत. तो मागची गाठ बघत बसला. तोरण काळ्या लोकरीच्या धाग्याने बांधलेलं होतं.

"काळा?" बात्तोस म्हणाला. "आनंदाच्या तोरणाला? हे म्हणजे लग्नात रडणाऱ्या बायका बोलवण्यासारखं झालं."

आत मेलित्ता जात्यावर जव भरडत होती आणि गुणगुणत होती. सत्तरीची बाई, तोंडात एकही दात नाही. खांद्यावर तीच तीन वर्षांची सुतकाची शाल, एका कडेला उसवलेली.

"मेलित्ताकाकू, रात्री काही चाहूल लागली?" लिकोनने विचारलं.

"या वयात जे आवाज येतात ते सगळे गुडघ्यांचे."

"तोरण कुणी लावलं असेल?"

"ज्यांच्याकडे मुलगा झाला त्यांनी."

"पण झाला कुणाला?"

"ते सुईणीला विचार. मी बापडी काय सांगणार!"

"उद्याचं लग्न होत नाही आता."

जातं थांबलं. "लांबलं असेल," मेलित्ता म्हणाली. "चार दिवस इकडे की तिकडे. त्यात काय एवढं?"

"लांबलं नाही, काकू. उद्या तुमच्या सुनेला गाठोडं देऊन घराबाहेर काढणार आहेत."

म्हातारीने मिर्तोकडे पाहिलं. "काढणार? का? तिने काय केलं?"

"लोक म्हणतात, तिला मूल झालं."

"हिला?" मेलित्ता एवढ्या जोरात उठली की जव सांडले. "लोकांच्या तोंडात शेण पडो! हिला? अगं बाई, असं... असं कोण म्हणेल?"

"सगळेच," लिकोन कुजबुजला. "तोरण हिच्या दारावर आहे ना."

मेलित्ता खाली बसली. सांडलेले जव एकेक करून वेचू लागली, आणि वेचलेले पुन्हा सांडू लागली. मिर्तो तिच्याजवळ गेली, तिचे हात धरले आणि म्हणाली, "असू द्या, आत्याबाई. मी करते."

निघताना मिर्तो दारापर्यंत आली. "त्यांना फार विचारू नका, काका. रोज संध्याकाळी त्या थडग्यावर जातात. दूध, मधाच्या पोळ्या घेऊन. आत काही नाही, त्याला समुद्राने परतच दिलं नाही. पण तीन वर्षांत एक संध्याकाळ चुकली नाही. मलाही येऊ देत नाहीत हल्ली. म्हणतात, तू नव्या संसाराची, तू कशाला त्या वाटेला."

फानो सुईणीने गावातल्या प्रत्येकाला नागडं बघितलेलं आहे, त्यामुळे ती कुणालाही मान देत नाही.

"मिर्तो? बाळंत?" ती म्हणाली. "अरे लिकोन, त्या पोरीचं पोट बघ, ताटासारखं सपाट! पण मी सांगून ऐकतंय कोण? म्हणतात, फानोच्या पट्ट्या चोरीला गेल्या ना, मग मूल आहेच कुठेतरी."

"कसल्या पट्ट्या?"

"बाळं गुंडाळायच्या. दोरीवर वाळत घातल्या होत्या. सगळ्या नेल्या! एका बाळाला चार पुरतात रे. या चोराला बैल गुंडाळायचा होता की काय! आणि दूध पाजायचं बोंडलंही नेलं, माझं चांगलं चोचीचं. झाले असतील नऊ दिवस."

बात्तोसने मान वर केली. "माझा रांजणही त्याच दिवशी!"

"आणि ऐक," फानो म्हणाली. "दोरीखाली काय होतं? मधाची पोळी. खसखस लावलेली, थडग्यावर ठेवतात तसली. पानावर नीट मांडून."

"मग?"

"मग काय? खाल्ली."

बात्तोस लाल झाला. लिकोन त्याच्याकडे बघत राहिला. कुजबुजणाऱ्या माणसाचं बघणं फार मोठ्याने होतं.

"होती," बात्तोस म्हणाला. "माझ्या रांजणाच्या जागीपण होती."

"नऊ दिवस तू रांजणाचं रडगाणं गातोयस. पोळीचं एकदाही बोलला नाहीस?"

"पोळी कुठे चोरीला गेली होती?"

लिकोनने डोळे मिटले. "रांजण केवढा?"

"वरून कापलेला, अर्धा. मी त्यात पाय धुतो. आणि बायको चिडली की आत बसतो. गुडघे पोटाशी घेतले की मावतो बरोबर."

"तू मावतोस?"

"डोकं जरा बाहेर राहतं."

एउफ्रोन त्याच्या खळ्यावर होता. नाकाने कांदे सोलणारा माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. खळ्याच्या मधोमध त्याचा कुत्रा बसला होता, ध्यान लावल्यासारखा.

"मला आधीच कळायला हवं होतं," एउफ्रोन म्हणाला. "माझं सूप गेलं तेव्हाच! मळणीचं मोठं सूप. दोन गडी लागतात धरायला. सूप कशाला नेतात? तान्ह्या पोराला निजवायला! आणि मी वेडा, शेजारच्या गवंड्यावर संशय घेत बसलो."

"सुपाच्या जागी काही ठेवलेलं होतं?"

"तुम्हाला कसं कळलं? मधाची पोळी होती. विष असेल म्हणून कुत्र्याला घातली."

"मग?"

"मग हा तिथून हलत नाही. अजून एक येईल म्हणून वाट बघतोय."

"लग्न तर पुढच्या महिन्यात होतं ना?" लिकोनने विचारलं.

"परवाच अलीकडे ओढलं. पौर्णिमा चांगली, आणि ट्यूना स्वस्त झालाय." एउफ्रोन खळ्याकडे बघू लागला. त्याचा आवाज खाली आला. "खरं सांगू? ट्यूनाचं काही नाही. घर फार शांत आहे. कुणीतरी माझ्यावर ओरडावं असं वाटत होतं. मिर्तो ओरडेल असं वाटलं होतं मला. आता लोक हसतायत. मला हसलेलं चालत नाही, लिकोन. काही केल्या चालत नाही."

परतीच्या वाटेवर बात्तोसने निकाल लावून टाकला. "यानेच केलंय. लग्न मोडायचंय याला. आपल्याच सुपाची चोरी करून..."

"लग्न मोडायचं असतं तर अलीकडे कशाला ओढलं असतं?"

बात्तोसने विचार केला. "मग गवंड्याने."

"चल," लिकोन म्हणाला. "थडगं बघून येऊ."

सिमोसचं थडगं गावाबाहेर, समुद्राकडे तोंड करून आहे. साधा दगड, आणि खाली जमिनीत रोवलेली मातीची नळी. तिच्यातून मेलेल्याला दूध पाजायचं. शेजारच्या थडग्यांपुढे मुंग्यांच्या रांगा लागल्या होत्या. इथे एकही मुंगी नव्हती. नळीच्या तोंडावर कोळ्याने जाळं विणलं होतं, चांगलं घट्ट, आणि त्यात वाळका पाला अडकून बसला होता.

"काल म्हातारी विसरली वाटतं," बात्तोस म्हणाला.

"एका दिवसाचं जाळं दिसतं हे तुला?"

"नाही. पण ती तर रोज दूध घेऊन निघते. बाजारातही भेटते. परवा एवढा थोरला ऑक्टोपस घेत होती. मी म्हटलं, काकू, दात कुठायत? तर म्हणाली, चोखते."

लिकोन खाली किनाऱ्यावरच्या होड्यांच्या छपरांकडे बघत होता.

बात्तोसला शांतता सोसत नाही. "असली रिकामी थडगी काही बरी नव्हेत, दाजी. माझ्या आजोबांच्या भावाचं असंच झालं. लढाईत मेला म्हणून इथे सगळं क्रियाकर्म केलं, आणि वर्षाने हा आला चालत! पण एकदा केलं ते केलं. मेलेला तो मेलेला. देवळात घेईनात, कुणी मासा विकेना, त्याची सावली पडली तर होडी त्या दिवशी बाहेर काढीनात. बायको खिडकीतून बघून रडायची. शेवटी देवळाच्या भिंतीबाहेर बसून बसून गेला. तेव्हा क्रियाकर्माला कुणी आलं नाही. म्हणाले, एकदा येऊन गेलो."

"त्यावर काही उपाय नव्हता?"

"होता म्हणे काहीतरी जुना. आजीला माहीत होता. मला एवढंच आठवतं, आजोबांचा भाऊ तो करून घ्यायला तयार झाला नाही. लाज वाटली म्हणे त्याला."

लिकोन सावकाश खाली बसला, अगदी त्या थडग्याला टेकून. मग तो हसला. आवाज न करता हसणाऱ्या माणसाकडे बघून बात्तोसला नेहमी वाटतं की त्याला ठसका लागलाय. त्याने दाजींच्या पाठीत दोन गुद्दे घातले.

"बात्तोस," लिकोन श्वास सावरत म्हणाला, "हातात ताकद आहे तुझ्या. उद्या सकाळी उपयोगी पडेल."

गावात परतल्यावर लिकोन मेलित्ताच्या दारात उभा राहून तिच्याशी बराच वेळ कुजबुजला. काय ते शेजाऱ्यांना कळलं नाही. त्याचा आवाज गेल्यापासून गावाचा हा एक तोटा झाला आहे.

सकाळी मेलित्ताच्या घरात, चुलीभोवती, चार माणसं जमायची होती. अख्खं बंदर जमलं. मिर्तो भिंतीपाशी उभी होती, गाठोडं काखेत घट्ट धरून. तिचा भाऊ, एउफ्रोन, फानो सुईण पुढे होते. लिकोन बोलायला उभा राहिला आणि लोकांनी आपोआप श्वास रोखला. तो गडगडाटासारखा बोलायचा तेव्हा त्याचं कुणी एवढं ऐकलं नव्हतं.

"चोर एकच आहे," तो म्हणाला. "पट्ट्या, बोंडलं, रांजण, सूप. एकाच दिवशी गेलं, आणि प्रत्येक जागी मधाची पोळी आली. नेलं त्याची भरपाई. म्हणजे चोर सज्जन आहे, आणि त्याच्याकडे पोळ्या उरलेल्या आहेत. त्याही कसल्या? थडग्यावरच्या. अशा पोळ्या रोज कोण करतं?"

सगळ्यांनी मेलित्ताकडे पाहिलं. तिने शालीची उसवलेली कड मुठीत लपवली.

"ती कड लपवू नका, काकू. तोरण त्याच धाग्याने बांधलंय. सुतकाची शाल उसवून कुणी कधी तोरण बांधतं? जिचं सुतक संपलं तीच बांधते. म्हणून मी थडगं बघायला गेलो. नळीवर कोळ्याचं जाळं. रोज दूध घेऊन निघणारी आई थडग्यावर थेंबही घालत नाही. दूध जातं कुठे? आणि दात नसलेली बाई ऑक्टोपस कुणासाठी घेते?"

"चोखते," बात्तोसची बायको मागून म्हणाली. तिला नवऱ्याने सांगितलं होतं.

"आता चोरी बघा. बैल गुंडाळता येईल एवढ्या पट्ट्या. बात्तोस मावेल एवढा रांजण. दोघांनी उचलायचं सूप. सामान बाळाचं, पण माप बाळाचं नाही. तुम्ही सगळे म्हणालात तोरण खोटं आहे, नाहीतर मिर्तो खोटी. तोरणही खरं आहे, आणि मिर्तोही खरी. या घरात मुलगा झाला. मिर्तोला नाही. मेलित्ताकाकूंना."

एवढा हशा उसळला की छपरावरची कबुतरं उडाली.

"सत्तरीत?" फानो कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "आणि मला न बोलावता?"

तेवढ्यात बाहेर गाढवगाडी थांबली. बात्तोस उलटा चालत आत आला, कापडाने झाकलेलं एक अवाढव्य सूप ओढत.

"दाजी," तो घाम पुसत म्हणाला, "या सुपातलं धान्य शिंकलं."

लिकोनने कापड काढलं.

आत गळ्यापर्यंत पट्ट्यांमध्ये गुंडाळलेला दाढीवाला माणूस होता. नाक बसकं, चेहरा उन्हाने रापलेला. त्याने छताकडे पाहिलं, मग माणसांकडे पाहिलं, आणि ओशाळून डोळे मिटले.

खोली एका क्षणात निम्मी झाली. जे उरले ते भिंतीला चिकटले. "मेलेला!" एउफ्रोन ओरडला. "मेलेला घरात आणला!"

"नऊ दिवसांपूर्वीपर्यंत मेलेला," लिकोन म्हणाला. "ज्याचं क्रियाकर्म होऊन गेलं त्याला परत यायचं तर एकच वाट आहे, आणि ती आपल्याच पूर्वजांनी घालून दिलीय. त्याने पुन्हा जन्म घ्यायचा. आईच्या पदराखालून निघायचं, न्हायचं, गुंडाळून घ्यायचं, बोंडल्याने दूध प्यायचं, सुपात निजायचं. बाळाचे सगळे सोपस्कार. दहाव्या दिवशी चुलीभोवती फिरवून नाव ठेवलं की तो तुमच्या-माझ्यासारखा जिवंत. बात्तोसच्या आजोबांच्या भावाला लाज वाटली. याला वाटली नाही."

"वाटली," सुपातून आवाज आला.

मेलित्ता पुढे आली. "दूध घालायला गेले, तर हा थडग्यामागे बसलेला," ती म्हणाली. "हाडं नुसती. ओळखलं नाही मी. म्हणाला, आई, ते दूध तिथे ओतू नकोस, मला दे." तिने नाक पुसलं. "कुणाला सांगायचं? दगड मारून हाकलला असता तुम्ही. रात्री सामान आम्ही दोघांनीच ओढत नेलं आणि याला खाली होडीच्या छपरात लपवला. नाव ठेवायच्या दिवसापर्यंत याने बायकोला तोंड दाखवायचं नाही, तिलाही विटाळ. दहा दिवस निघाले असते गुपचूप. तर या मेल्या एउफ्रोनने ट्यूनासाठी लग्न ऐन दहाव्या दिवशी आणून ठेवलं! मला वाटलं, तोरण लावावं. घरात जन्म झाला म्हटल्यावर लग्न चार दिवस पुढे ढकलतात, तेवढं तरी होईल. मुलगा झाला होताच की मला. खोटं काय होतं? लोक माझ्या पोरीकडे बोट दाखवतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तिच्याकडे कोण बोट दाखवेल?"

मिर्तो भिंतीपासून हलली नव्हती.

"मी इथे लग्नाची ओढणी शिवत होते," ती म्हणाली. प्रत्येक शब्द वेगळा. "तीन वर्षं रडून झाल्यावर. आणि तू खाली होडीच्या छपरात बोंडल्याने दूध पीत होतास?"

"ऑक्टोपसपण खाल्ला," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"एक मिनिट," एउफ्रोन म्हणाला. हसणाऱ्या लोकांसमोर त्याला कायदा आठवतो. "हा जर नव्याने जन्मला असेल, तर मागचं सगळं गेलं. लग्नही गेलं. तान्हं पोर कुणाचा नवरा असू शकत नाही."

लोकांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

"अगदी बरोबर," लिकोन म्हणाला. "मिर्तो कुणाचीच बांधील नाही. पण नाव ठेवायचं राहिलंय. ते बापाने ठेवायचं. बाप नाही, आणि आई ठेवत नाही. या घरातलं उरलं कोण? एकटी मिर्तो. तिने नाव ठेवलं तर हा जिवंत. नाही ठेवलं तर आज सूर्य मावळला की हा पुन्हा मेलेला, आणि या खेपेला उपाय नाही. तिच्यावर कुणाचाही जोर नाही, हे एउफ्रोननेच आता सिद्ध केलं."

सगळे मिर्तोकडे वळले.

"आधी चुलीभोवती फिरवा," फानो म्हणाली. "पळत. चालत चालत नाही."

बात्तोसने सुपाची एक बाजू धरली. दुसऱ्या बाजूला कुणी येईना. विटाळ गेला की नाही याची खात्री शेजाऱ्याने आधी करून घ्यावी, असं प्रत्येकाला वाटत होतं. मिर्तोचा भाऊ आपल्या वहाणांकडे बघत होता.

एउफ्रोनने घसा खाकरला. "सूप माझं आहे," तो म्हणाला. "दुसऱ्याच्या हातात तुटेल." आणि त्याने दुसरी बाजू उचलली.

ते पळाले. दोघांची उंची वेगवेगळी, त्यामुळे बाळ एका बाजूला घसरत होतं, आणि प्रत्येक वळणावर त्याचं डोकं चुलीच्या दगडाला लागत होतं. "सांभाळून," मेलित्ता ओरडत होती, "टाळू भरलेली नाही अजून!" फेरे संपले तेव्हा बात्तोस जमिनीवर बसला. एउफ्रोन मात्र सुपाची कड धरून तसाच उभा राहिला, धापा टाकत, कुणाकडेही न बघता.

मिर्तो पुढे आली. सुपाशेजारी उकिडवी बसली. गाठोडं अजून काखेत होतं.

"कुठे होतास?"

"चाच्यांनी खाणीत विकलं होतं. दगड फोडायला. मग धरणीकंप झाला, भिंत पडली. चालत निघालो, मग होडीत लपून आलो."

"मारायचे?"

"कधी कधी."

"हाक काय मारायचे?"

"'ए' म्हणायचे," तो म्हणाला. "सगळ्यांनाच. तिथे नाव कुणालाच नव्हतं. रात्री मी आपलं आपल्याला सांगून बघायचो. पण स्वतःच्या तोंडून ते खरं वाटत नाही."

मिर्तोने गाठोडं खाली ठेवलं. त्याच्या कपाळावर चुलीची राख लागली होती, ती तिने अंगठ्याने पुसली. मग वाकून, त्याच्या कानापाशी नाही, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

"सिमोस."

त्याचे हात पट्ट्यांमध्ये बांधलेले होते, त्यामुळे तोंड झाकता आलं नाही. आधी हनुवटी थरथरली. मग तो रडला, तोंड उघडून, गळा काढून, एवढा मोठा माणूस, बसकं नाक वाहत.

फानो सुईण कान देऊन ऐकत होती. दोन-तीन श्वास तिने नीट ऐकून घेतले, धंद्यातल्या माणसासारखे. मग बाह्या खाली सोडल्या.

"रडलं," ती म्हणाली. "छाती चांगली आहे. जगेल."